उघड्या लॅपटॉपचे आठ सेल

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुकानात एक लॅपटॉप आला आणि माझं डोकंच फिरलं!

जाडजूड. जड. खालून काचेसारखा आरपार — उलटा धरला की आतलं सगळं दिसतं. फहाद म्हणाला, "भाव, हा लॅपटॉप आहे का माशांची पेटी?" फहाद म्हणजे रशीदभाईंचा पुतण्या. काउंटरवर बसतो, हात काळे करत नाही, तोंड मात्र दिवसभर चालू. रशीदभाईंनी पण चष्मा कपाळावर चढवून बघितलं. वाशीत त्यांचं दुकान जुनं, पण असलं मशीन त्यांनीही बघितलं नव्हतं.

मी उघडला. स्क्रू सगळे एकाच मापाचे! एकच ड्रायव्हर पुरला. आमच्या टेबलावर रोज येतात त्यांची बॅटरी गमने चिकटवलेली, स्क्रू कंपनीगणिक वेगळे, मेमरी बोर्डालाच डकवलेली. उघडताना वाटतं, कुणाच्या तरी घरात शिरलोय चोरून. बोर्डाचा नकाशा, म्हणजे कुठली लाइन कुठून कुठे जाते तो कागद, कंपनी देत नाही. तो ग्रुपवर भीक मागून मिळवायचा. निम्म्या वेळा दुसऱ्याच मॉडेलचा निघतो. आंधळ्यासारखं चाचपत काम करायचं.

आणि यात? बोर्डावर प्रत्येक भागाचं नाव छापलेलं. सोबत जाड पुस्तक, त्यात सगळे नकाशे — बनवणाऱ्यांनीच दिलेले. बघा, दुरुस्त करा, पाहिजे तर तसाच नवा बनवा, आमची ना नाही. याला ओपन हार्डवेअर म्हणतात म्हणे.

गिऱ्हाईक ऐरोलीचं. शौनक सर, सॉफ्टवेअरवाले. कीबोर्डची दोन बटणं बसली होती. चहा यायच्या आत करून दिली. रशीदभाई म्हणाले, "काय रे रूपेश, आज शिट्टी वाजवतोस?"

वाजवत होतो? मला कळलं पण नाही.

७ फेब्रुवारी

तो लॅपटॉप गेला. दिवसभर चिकटवलेल्या बॅटऱ्या उपसल्या. वैताग.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. खोलीवर पडून. करावे गावात दारोदार सुकट वाळत घातलेली, शर्टाला पण तोच वास. खोलीवाल्या मावशी डोकावून म्हणाल्या, "काय रं, आज गेला नाय कामाला? बरा हाय ना?" बरा आहे म्हटलं.

बरा नाही. मला एका जागी बसवतच नाही. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून हेच. आधी मार्केटात कांद्याच्या गोण्या, मग सीवूड्सला मोबाइलचं दुकान, आता रशीदभाई. गावाकडून — सेलूच्या पुढं आमचं गाव — माय फोनवर म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी हाय बाबा." काम कळत नाही म्हणून सोडतो असं नाही. कळतं. पण नंतर वाटतं, हे सगळं झाकायचंच काम आहे. झाकण काढ, झाकण लाव, गिऱ्हाईकाला कळू देऊ नको आत काय होतं.

त्या आरपार लॅपटॉपचं मनातून जात नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शौनक सर आज परत आले! मला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेले. रशीदभाईंना सांगितलं की मशीनचं विचारायचंय.

"शिकलास कुठे रे?"

"टेबलावरच, सर."

हसले. मग सांगितलं. ते आणि दोन मित्र ऐरोलीत एक गाळा घेतायत. असेच उघडे लॅपटॉप तिथं जोडायचे आणि शाळांना द्यायचे. एक संस्था आहे, ती शाळा मिळवून देणार. बिघडला की शाळेतल्या शाळेत दुरुस्त, मुलांच्या समोर. टेबलावर बसणारा माणूस पाहिजे. "तुझे हात बघितले मी. येशील?"

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "एवढं भारी आहे तर सगळे का घेत नाहीत, सर?"

"भारी कुठे? या किमतीत साधे तीन येतील. हळू चालतो. खांदा दुखतो इतका जड. बिघडला तर अख्ख्या देशात विचारायला माणूस नाही. पार्ट मागवला तर कस्टमवाले बसवून ठेवतात."

"मग घेतलात कशाला?"

"बाकीचे लॅपटॉप मी वापरतो रे. हा मला कळतो."

लॅपटॉप आणि ते जाड पुस्तक माझ्या हातात दिलं. "सेल दमलेत याचे, बदलून दे. पण घाई नाही. घरी ने, वापर, उघड, बंद कर. मार्चअखेर गाळा सुरू करू, तेव्हा तू आणि हा बरोबरच या. कुठले सेल ते पुस्तकात आहे. सगळं पुस्तकात आहे."

मी मान हलवली. पुस्तक इंग्रजीत आहे, मला इंग्रजी वाचता येत नाही, हे बोललो नाही. पार्टवरची अक्षरं ओळखता येतात, तेवढंच. ते बोललो असतो तर त्यांनी माणूस दुसरा बघितला असता.

१५ फेब्रुवारी

तीन संध्याकाळी झटापट केली त्या मशीनशी. खरं लिहायचं तर — वापरायला त्रास आहे!

गाणं लावलं की मध्येच अडखळतं. दोन खिडक्या एकदम उघडल्या की विचारात पडतो. कीबोर्ड खडखड वाजतो, शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली. आणि कॅमेराच नाही. बनवणाऱ्यांचं म्हणणं, पाहिजे त्यानं बाहेरून लावावा, उगीच कुणी चोरून बघायला नको. माय दिसावी म्हणून मी फोन लावायला गेलो तर हे! उन्नती, माझी बहीण, बारावीला आहे. ती म्हणाली, "दादा, एवढ्या महागाच्या डब्यात माय दिसत नाही व्हय? मग काय दिसतंय?"

आतलं दिसतं, म्हटलं. बोर्ड दिसतो.

"बोर्डाला काय बघायलास, लग्न करायलास का त्याच्याशी?"

हसलो. पण खरंच — दुसरा कुठलाही लॅपटॉप हळू चालला की शिवी येते. हा हळू चालला तर वाटतं, का चालतोय बघू. आणि उघडून बघता येतं. आवाज फाटत होता, स्पीकरची वायर सैल निघाली. मीच बसवली. कुणाला विचारलं नाही, कुणापासून लपवलं नाही.

१८ फेब्रुवारी

पुस्तक चाळलं. चित्रं सगळी कळली. चित्रांच्या मधलं काहीच नाही. उन्नतीला फोटो पाठवावेत म्हणत होतो, पण तिची परीक्षा चालू आहे. नको. सेलच तर आहेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मेलं सगळं.

रशीदभाई आणि फहाद जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. दुकानात मी एकटा. कालच ठरवलं होतं, मशीन दुकानात आणून आज सेल बदलायचे. या मशीनला तयार बॅटरी नसते, सुटे आठ सेल असतात, टॉर्चमध्ये घालतात तसे. जुने काढले. आमच्याकडे अगदी त्याच मापाचे होते, तेवढीच लांबी, तेवढीच जाडी. चांगल्यातले निवडले होते.

आणि आमच्यात एक पद्धत आहे. नवे सेल आधी बाहेरच्या चार्जरवर गच्च भरायचे, मीटरवर एकेक तपासून सगळे सारखे करायचे, मगच मशीनला लावायचे. घाईवाले तसेच घालतात आणि गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात बोंबलत येतं. मी कधी घाई करत नाही. ते मला कुणी न शिकवता जमलेलं काम. कालपासून भरायला लावले होते. एकेक तपासला. पहिल्यांदाच मनात आलं, ऐरोलीच्या टेबलावर असंच बसेन मी.

सात घातले. आठवा घातला.

टक्.

एवढाच आवाज. मग वास. खालून आरपार ना — दिसलं मला, चार्जिंगच्या भागातून धुराची बारीक रेघ वर आली आणि काचेला काळं लागलं. सेल उपटून काढले. उशीर झाला होता. मेन बोर्डावर मीटर लावला, तिथंही काही नाही. प्रेत.

पंखा जोरात लावला. माझे सेल ड्रॉवरमध्ये टाकले, जुने परत बसवले. हे हातांनी केलं, मी नाही सांगितलं त्यांना. तेवढ्यात रशीदभाई आले. "काय जळालं?"

"ऐरोलीवाल्यांचं मशीन. मी हात लावायच्या आधीच वास मारत होतं."

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग जोरात फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं.

२२ फेब्रुवारी

उन्नतीला पुस्तकातल्या सेलच्या पानाचा फोटो पाठवला. पेपर झाला होता तिचा, लगेच फोन आला.

"दादा, हे तर पहिल्याच ओळीत लिव्हलंय की! ठळक अक्षरात. फक्त याच जातीचे सेल घाला. दिसायला सेम दुसरे येतात, त्यांचे व्होल्ट जास्त असतात, ते भरून घातले तर बोर्ड जळेल. — का रे? जळालं का?"

"नाही नाही. सहज."

पहिल्या ओळीत! ठळक!

माझे सेल एकेकटे बघितले तर थोडेच जास्त व्होल्टचे. पण आठ एकामागे एक लावले, की ते जास्तीचं सगळं एकत्र होऊन चढलं. अर्धे भरून घातले असते तरी कदाचित वाचला असता. मी गच्च भरले. चांगलं काम करायला गेलो आणि त्याच्यानंच जाळलं.

सगळ्यांना उघडं आहे म्हणे. उघडं आहे, पण इंग्रजीत उघडं आहे. दाराला कुलूप नाही आणि मला दारच दिसलं नाही. — पण हे पण खरं नाही. दार दिसलं होतं. वाचून दाखव म्हणायची लाज वाटली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शौनक सर आले. मी ठरवलं होतं खरं सांगायचं. अंघोळ करताना तोंडपाठ केलं होतं.

त्यांनी विचारलं, "काय झालं रे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आपोआप झालं, सर. मी सेलना हात पण लावला नव्हता. नुसता चालू होता."

मोबाइलच्या दुकानात पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. टेबलावर काही उडालं तर मशीन असंच आलं होतं. स्क्रीन फुटली — अशीच होती. गिऱ्हाईक भांडतं, मग जातं. सगळ्या लायनीत हेच चालतं. एवढी सवय की मला खोटं बोलल्यासारखं वाटतच नाही. आज वाटलं. कारण ते भांडले नाहीत. काळ्या डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरं झालं तुझ्याकडे होता. माझ्या घरी झालं असतं तर? मुलगी त्याच्याच शेजारी झोपते." मग म्हणाले, "बनवणाऱ्यांना कळवायला हवं. इतरांचे पण जळतील. मी लिहितो त्यांच्या वेबसाइटच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं. तुझं नाव टाकू?"

"नको, सर."

"बरं. गाळ्याचं पक्कं आहे हां. तू तयारी ठेव."

म्हणजे नोकरी राहिली. मला आनंद व्हायला पाहिजे.

२७ फेब्रुवारी

मावशींनी जवळ्याची चटणी दिली होती, तशीच आहे.

३ मार्च, सोमवार

कालपासून रोजे सुरू. इफ्तारला रशीदभाई दुकानातच ताट मांडतात. सईदाभाभी घरून भजी, फळं पाठवतात, माझ्या वाटणीचं वेगळं बांधून, मिरची कमी घालून. खाताना शौनक सरांचा फोन.

बनवणाऱ्यांनी विक्री थांबवली! ते काही मोठी कंपनी नाहीत, चारसहा माणसं आहेत, एका बाईनं सुरू केलेलं. त्यांनी सगळ्यांना कळवलंय — चार्जर काढा, सेल बाहेर काढून ठेवा, कारण सापडेपर्यंत मशीन वापरू नका. शौनक सर म्हणाले, "बघ, किती प्रामाणिक लोक आहेत. मोठ्या कंपनीनं दाबून टाकलं असतं."

माझ्या घशात खजूर अडकला. फहादनं पाठीत थाप मारली. "हळू खा भाव, रोजा आमचा होता!"

सगळे हसले. मी पण.

६ मार्च

शौनक सरांनी ते पान फोनवर पाठवलं. लोक फोटो टाकतायत. कुठल्या तरी थंड देशातल्या एका म्हाताऱ्या बाईनं आठ सेल बाहेर काढून बशीत ठेवलेत. बशीवर निळी फुलं. खाली काय लिहिलंय ते कळलं नाही.

माझ्या एका वाक्यानं त्या बाईनं सेल काढले. तिला मी माहीत नाही. वाशी पण माहीत नसेल.

दुकानातलं खोटं दुकानात राहतं. गिऱ्हाईक भांडून गेलं की संपलं. याचं तसं नाही. यात सगळेच एकमेकांच्या बोलण्यावर चालतात. नकाशे उघडे, चुका पण उघड्या सांगायच्या, त्या भरवशावर पुढचं बोर्ड. मी त्यात शेण कालवलं.

सांगू का? सांगितलं तर गाळा गेला. गाळ्याशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही.

१० मार्च, सोमवार

गाळा गेला.

मी काहीच न सांगता गेला! संस्थेनं माघार घेतली. शौनक सरांचा आवाज बसलेला होता. "ते म्हणतात, आपोआप जळणारं मशीन पोरांच्या हातात कसं देणार? बरोबरच आहे रे त्यांचं. मी तरी काय बोलणार, मीच तर लिहिलं." शाळांना आता नेहमीचेच लॅपटॉप जाणार. चिकटवलेले. "सॉरी हां. तुला आशा लावली उगीच."

ते मला सॉरी म्हणाले!

नोकरी वाचावी म्हणून खोटं बोललो, त्या खोट्यानंच नोकरी खाल्ली. हे कुणाला सांगितलं तर हसेल. मला हसू येत नाही. टेबलाखाली पाय हलतायत, थांबतच नाहीत. कुठंतरी निघून जावं. पण यावेळी जिथं जाईन तिथं हे पण बरोबर येणार.

१३ मार्च

इथं करावे गावात होळी. गल्लीत ढोल, बायका नटून नैवेद्य घेऊन चाललेल्या. मावशी दारावर धाडधाड वाजवत, "चल रं, पोली ठेवलीय तुला, होलीच्या दिवशी आत नाय बसायचा!" पोट दुखतंय म्हटलं. हे पण खोटं. आता तर सारखंच येतंय तोंडात.

बाहेर बोंबा मारतायत सगळे. मला पण मारायची होती एक. दाराला आतून कडी लावली.

१५ मार्च, शनिवार

रशीदभाईंना सांगितलं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. फहाद बँकेत. ड्रॉवरमधून ते आठ सेल काढून त्यांच्यासमोर ठेवले आणि सांगितलं. सगळं. ऐरोलीच्या गाळ्याचं पण.

त्यांनी एक सेल उचलून फिरवून बघितला. मग म्हणाले, "गाळ्याचं मला ठाऊक होतं. चहावाला सांगून गेला त्याच दिवशी. तुला वाटतं टपरीवर काय लपतं? मी म्हटलं, पोरगा पुढे जातोय, जाऊ दे."

"चुकलो, रशीदभाई."

"सेल चुकला ते सोड. माझ्या हातनं काय काय उडालंय, तुला सांगितलं तर तू पळून जाशील. पण मी आल्या आल्या विचारलं ना तुला, काय जळालं? तेव्हा काय बोललास? लायनीत एकच नियम आहे, रूपेश. गिऱ्हाईकाला सांगायचं ते सांग, अल्ला माफ करो, आपण सगळेच सांगतो. टेबलावरच्या माणसाला खरं सांगायचं. नाहीतर दोघं मिळून काम कसं करणार? तू मला गिऱ्हाईक केलंस."

मी सेल गोळा करायला लागलो.

"त्या माणसाला जाऊन सांग. उद्याच. रोज्यांचे दिवस आहेत, माझ्या दुकानावर हे नको. फोनवर नाही, तोंडावर जाऊन सांग."

"मग परत येऊ का?"

"आधी जा तर."

१६ मार्च, रविवार

ऐरोलीला गेलो. शौनक सरांच्या सोसायटीच्या खाली बाकावर बसून सांगितलं. त्यांची मुलगी सायकल चालवत होती, दर फेरीला बेल वाजवायची.

शौनक सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "इंग्रजी येत नाही हे त्या दिवशी बोलला असतास तर मी एक तास बसून वाचून दाखवलं असतं. एक तास!"

"माणूस दुसरा बघाल असं वाटलं, सर."

"तुझ्या खोट्यावर मी माझं नाव लावलं रे. माझं नाव. त्या लोकांनी माझ्या शब्दावर दुकान बंद ठेवलंय."

मग बेल वाजली, मुलगी गेली, परत वाजली. शेवटी म्हणाले, "आता तू लिही. मी नाही लिहिणार तुझ्या वतीनं. तुला येतं त्या भाषेत लिही. मी त्याखाली इंग्रजी करून टाकतो."

त्यांच्या फोनवर तिथंच बसून लिहिलं. 'मी रूपेश. वाशीला लॅपटॉप दुरुस्त करतो. शौनक सरांचं बोर्ड आपोआप जळालं नाही. मी दुसऱ्या जातीचे सेल घातले. पूर्ण भरून घातले. पुस्तकात नको म्हणून लिहिलं होतं. मला वाचता येत नव्हतं आणि मी ते सांगितलं नाही. सरांना मी खोटं सांगितलं. तुमच्या बोर्डात चूक नाही, विक्री चालू करा.'

निघताना गाळ्याचं विचारलं. विचारायला नको होतं.

"संस्थेनं दुसरीकडे ऑर्डर दिली. बंद म्हणजे बंद." मग, वर न बघता, "आणि चालू असता तरी आत्ता तुला नसतं घेतलं."

बसस्टॉपपर्यंत चालत आलो. बस आली, गेली. दुसरी आली.

१९ मार्च

रशीदभाईंनी हाकललं नाही. पण बोर्डाचं काम काढून घेतलं. कीबोर्ड पुसायचे, पंखे साफ करायचे. बोलत नाहीत माझ्याशी. इफ्तारला माझं ताट मात्र रोज असतं, मिरची कमीच. फहाद सुद्धा थट्टा करत नाही. ते जास्त लागतं.

त्या पानावर माझं लिहिलेलं मराठीत दिसतंय. त्या सगळ्या इंग्रजीत एकटंच. उत्तर नाही. काय उत्तर देणार? थुंकून पुढे गेले असतील.

पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सांगेन, घेऊ नका असला लॅपटॉप. बंद मशीनचं एक बरं असतं. बिघडलं की कंपनीला शिव्या देता येतात. यात शिवी घालायला कुणी नसतं. फिरून फिरून आपल्यावरच येते.

२१ मार्च

बॅग भरली. ईदच्या आधी निघतो. सुरत नाहीतर पुणे. मायला सांगितलं नाही.

२३ मार्च, रविवार

शौनक सरांनी काही न बोलता नुसतं ते पान पाठवलं. मी उन्नतीला पाठवलं. फोन आला, ती वाचत होती आणि मध्येच थांबत होती. "दादा, तुझ्या खाली तीन लोकांनी लिव्हलंय. एक जण कोरियाचा हाय. म्हणतायत, आमचं पण असंच जळालं होतं, आम्ही पण दुसरे सेल घातले होते, लाजेनं कुणाला सांगितलं नाही, मशीन कपाटात टाकून दिलं." मग त्या बनवणाऱ्या बाईचं उत्तर वाचलं. विक्री चालू केली. चौघांच्या हातनं झालं म्हणजे चूक नुसती हातांची नाही, म्हणते. आणि मला विचारलंय, सेल आधी भरून का घातलेस, तुमच्याकडे तशी पद्धत आहे का, नीट सांगशील का, पुढचं बोर्ड त्या हिशोबानं करायचंय.

का, असं विचारलंय. आजपर्यंत सगळ्यांनी, कोणी केलं, एवढंच विचारलं.

उन्नती म्हणाली, "काय सांगू त्यांना? बोल की. लिहून घ्यायलेय मी."

म्हटलं, लिही — आमच्या टेबलावर नवा सेल आला की आधी…